यंत्रमानव : नुमाइशीतून वर्गाकडे

नामपल्लीचे नाव निघाले की हैदराबादकरांच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात : रेल्वेस्थानक आणि नुमाइश. मुलकी मालाला, म्हणजे संस्थानात तयार होणाऱ्या वस्तूंना, लोकांपुढे आणावे या हेतूने उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली बाग-ए-आममध्ये हे प्रदर्शन भरविले. १९४६ मध्ये ते आजच्या मैदानावर आले. त्याच्या उत्पन्नातून पुढे अनेक शिक्षणसंस्थांना आधार मिळाला. मैदानाच्या आवारातच मुलींचे कमला नेहरू पॉलिटेक्निक आहे. जेथे हजारो लोक नवलाच्या वस्तू पाहावयास येतात, तेथेच काही मुली यंत्रविद्या हातांनी शिकतात. पाहणे आणि करणे यांतील अंतर एका कुंपणाच्या आत सामावलेले आहे. यंत्रमानवशास्त्राच्या शिक्षणाचा इतिहास हा हेच अंतर तोडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

आपोआप हालणाऱ्या पुतळ्यांची कल्पना भारताला परकी नाही. अकराव्या शतकात धारानगरीच्या भोजराजाच्या नावे असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात यांत्रिक बाहुल्यांची आणि सेवकांची वर्णने येतात. मात्र ही यंत्रे कशी जुळवावीत ते ग्रंथकार सांगत नाही. अज्ञानामुळे नव्हे, तर ती विद्या गुप्त राहावी म्हणून, असे तो स्वतःच नमूद करतो. वर्णन सर्वांसाठी आणि कृती मोजक्यांसाठी, ही आपल्याकडील जुनी वाट. तिची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. कृती लिहून न ठेवलेली विद्या कारागिराबरोबर जाते आणि मागे उरते ते केवळ आश्चर्य.

‘रोबोट’ हा शब्द आला तो नाटकातून. चेक लेखक कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकाचा प्रयोग १९२१ मध्ये प्राग येथे झाला. वेठबिगार असा अर्थ असलेल्या ‘रोबोटा’ या चेक शब्दावरून हे नाव त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचविले होते. मराठीने ‘यंत्रमानव’ हा नेटका प्रतिशब्द घडविला. पण या शब्दाने थोडी दिशाभूलही केली. मुले यंत्रात माणसाचा चेहरा शोधू लागली. १९६१ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागलेल्या ‘युनिमेट’ या पहिल्या औद्योगिक रोबोटला चेहरा नव्हता. तो होता केवळ एक बळकट हात.

खरी ओळख रूपावरून पटत नाही, ती वर्तनावरून पटते. बाहेरचे जाणून घेणारी ज्ञानेंद्रिये, निर्णय घेणारी बुद्धी आणि कृती करणारी कर्मेंद्रिये ही त्रयी जेथे एकत्र येते तेथे रोबोट असतो. काळ्या रेघेवरून चालणारी छोटी गाडी हे याचे सोपे उदाहरण. रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रकाशसंवेदक असतो. गाडी उजवीकडे कलली की डावा संवेदक रेघेवर येतो. लगेच डावे चाक मंदावते आणि गाडी पुन्हा वाटेवर येते. गाडी सतत चुकते आणि सतत सावरते. तिचे चालणे म्हणजे हे सावरणेच.

शिक्षणाच्या दृष्टीने मर्म येथेच आहे. आपल्या परीक्षापद्धतीत चूक म्हणजे वजा झालेला गुण. अमेरिकेतील गणितज्ञ सेमूर पेपर्ट यांनी १९६७ च्या सुमारास सहकाऱ्यांसह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा रचली. तिच्या आज्ञेने चालणारे ‘कासव’ जमिनीवर रेघा काढी. चौकोन काढताना ते भलतीकडे वळले तर मूल शिक्षा न होता आपल्याच आज्ञेत दोष शोधी. चूक ही लाज नसून माहिती आहे, हा धडा व्याख्यानाने मिळत नाही; तो हाताने मिळतो.

महाराष्ट्रात या विचाराला उत्सवाचे रूप लाभले. २००८ मध्ये पुण्यात भरलेल्या आशिया-प्रशांत विभागाच्या ‘रोबोकॉन’ स्पर्धेचा विषय होता दहीहंडी. गोविंदांचे काम देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी स्वतः घडविलेल्या यंत्रांकडून करवून घेतले. मुंबईच्या आयआयटीतील ‘ई-यंत्र’ या उपक्रमाने अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभारण्यास हातभार लावला आणि प्रथम अध्यापकांनाच शिकविले. २०१६ पासून केंद्र शासनाच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलांपर्यंत ही साधने पोहोचू लागली. हैदराबादेत मात्र गाजले ते प्रदर्शनाचे प्रसंग. २०१७ च्या जागतिक उद्योजक परिषदेत ‘मित्र’ नावाचा रोबोट व्यासपीठावर आला. लोकांनी टाळ्या वाजविल्या. ते स्वागतार्हच होते. पण टाळी वाजविणारे हात अजून रिकामेच होते.

या शहरातील मराठी माणसाला विद्येची भाषा बदलताना पाहण्याचा अनुभव आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकविली; दारुल तर्जुमाने त्यासाठी परिभाषा सिद्ध केली. मराठवाड्यातील विद्यार्थी विज्ञान शिकले ते उर्दूतून. देशी भाषेत शास्त्र शिकविता येते हे त्या प्रयोगाने दाखविले. आणि १९४८ नंतर राजाश्रय सरताच ती परिभाषा वर्गातून ओसरली, हेही दाखविले. कोशातील शब्द वापराविना टिकत नाहीत. ‘संवेदक’ हा शब्द मराठीत रुजेल तो मराठी मुलाने संवेदक जोडताना उच्चारला तरच. एरव्ही यंत्रमानव ही आपल्यासाठी परक्या मंडपातील वस्तूच राहील.

ग्रंथालयाचे नाते येथे जडते. भोजराजाच्या ग्रंथाने कृती गुप्त ठेवली. सार्वजनिक ग्रंथालयाचा धर्म नेमका याच्या उलट आहे. कपाटातील कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी कृतिपुस्तके आली, वाचनकक्षातील एका मेजावर तारा, चाके आणि संवेदक मांडले गेले, आणि सुटीत जमलेल्या मुलांना मराठीतून ते जोडून पाहता आले, तर शंभर वर्षे जपलेल्या वाचनसंस्कृतीला काहीच बाधा येणार नाही. वाचलेले करून पाहण्याची एक नवी पायरी तिला लाभेल. नुमाइशीचे दिवस संपतात, मंडप उतरतात. मुलाच्या हाती आलेली विद्या मात्र त्याच्याबरोबर घरी जाते.