कुंपणाआतील सोलापूर

सोलापूरच्या इतिहासावर बोलावयाचे म्हटले की वक्ता बहुधा सिद्धेश्वराच्या तळ्यापासून आरंभ करतो, भुईकोट किल्ल्यास एक प्रदक्षिणा घालतो आणि १९३० च्या मार्शल लॉपाशी येऊन थांबतो. मीही मुलांना हा इतिहास याच वाटेने शिकविला. मी काही संशोधक नव्हे. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभा जन्म प्राथमिक शाळेत घालविलेला एक शिक्षक. परंतु ज्या वस्तीतील मुले माझ्या वर्गात बसत, त्या वस्तीचा इतिहास मी त्यांना कधीच सांगितला नाही, ही गोष्ट निवृत्तीनंतर मनास लागून राहिली आहे. म्हणून आजचे हे भाषण. ती वस्ती म्हणजे आपली सेटलमेंट.

'सेटलमेंट' हा शब्द सोलापूरकरांच्या तोंडी इतका रुळला आहे की तो एका कायद्याचा शब्द आहे, हेही आपण विसरून गेलो आहोत. १८७१ साली हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. चोरी केलेल्या माणसास शिक्षा करणे ही कोणत्याही राज्याची रीतच आहे. परंतु या कायद्याने एखादी जमातच्या जमात गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार सरकारास दिला. त्यामागील विचारसरणी अशी की, हिंदुस्थानात धंदा जातीवर चालतो. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा मुलगा सुतार, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार! प्रारंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली तो नव्याने करण्यात आला आणि मुंबई व मद्रास इलाख्यांसही लागू झाला. कैकाडी, टकारी, भामटे, पारधी, कंजारभाट, मांग-गारुडी, छप्परबंद अशी कितीतरी नावे मग सरकारी यादीत चढली.

या लोकांत कोणी चोऱ्या करीतच नव्हते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे हा भाबडेपणा होईल. परंतु त्यांची ही स्थिती का झाली, हे पाहावयास नको काय? यांतील कित्येकजण गाढवांच्या आणि बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून नेणारे होते. १८६० च्या सुमारास आगगाडी सोलापुरास येऊन पोहोचली आणि तांड्यांचा माल वाघिणीत चढला. पारध्यांचे रान होते, ते पुढे जंगलखात्याच्या कायद्यांनी अडविले. ज्याचा धंदा असा बसला, त्याने गावोगाव हिंडावे तर हिंडणे हाच संशय. एका जागी बसावे तर जमीन नाही.

येथे भाषेची एक गंमत सांगतो. गंमत म्हणावयाची, पण हसू येत नाही. 'भामटा' हे एका जमातीचे नाव. आपण त्याची शिवी केली, आणि ती इतकी सहज केली की खोडकर मुलाचा कान धरताना मी स्वतः हा शब्द कित्येकदा वापरला आहे. वर्गात पुढच्या बाकावर त्याच जमातीचा मुलगा बसलेला असे. त्याने वर पाहिल्याचे मला आठवत नाही.

मुंबई इलाख्यात या लोकांच्या वसाहती वसविण्याचे काम स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याने विजापूरकडे १९१० च्या सुमारास हाती घेतले. सोलापूर या कामास फार सोयीचे होते, कारण येथे गिरण्या होत्या. १८७७ साली उभी राहिलेली जुनी गिरणी, मागाहून नरसिंगगिरजी, विष्णु, लक्ष्मी. गिरण्यांना हात पाहिजे होते आणि सरकारास हे हात नजरेखाली पाहिजे होते. दोघांचीही सोय झाली. अमेरिकन मराठी मिशननेही येथील वसाहतीच्या कारभारात भाग घेतला, आणि वसाहतीस 'उमेदपूर' असे सुंदर नाव मिळाले. नाव उमेदीचे आणि सभोवार काटेरी तारेचे कुंपण!

आत कसे चालत असे? प्रत्येक प्रौढाचे नाव नोंदवहीत, त्याच्या बोटांचे ठसे सरकारदप्तरी. ठराविक वेळी हजेरी. गिरणीत जावयाचे ते पास घेऊन, यावयाचे ते वेळेवर. हजेरी चुकली तर तोच गुन्हा. मग चोरी करण्याची आवश्यकताच नाही! कायद्यात सांगितलेल्या काही गुन्ह्यांबद्दल दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर कमीतकमी सात वर्षे, आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी. ज्यांची वर्तणूक चांगली दिसे, त्यांना परवाना देऊन कुंपणाबाहेर घर करून राहू देत. त्या बाहेरच्या वस्तीस 'फ्री कॉलनी' म्हणत. आज टपालाच्या पत्त्यावर आपण 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असे लिहितो; तो शब्द कोठून आला, हे पत्ता लिहिणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते.

मुलांविषयी थोडे अधिक बोलतो, कारण तो माझ्या पेशाचा भाग. या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलांस आईबापांपासून वेगळे काढून उद्योगशाळेत किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारास होता. मूल घरी राहिले तर बापाची विद्या शिकेल, हे भय. वसाहतीत शाळा होती, आणि ती सक्तीची होती. ज्या काळी सोलापूरच्या पेठांतील कितीतरी कामकऱ्यांची मुले शाळेचे तोंड पाहत नव्हती, त्या काळी या मुलांच्या हाती पाटी आली. हे ऋण मानलेच पाहिजे. त्या वसाहतींतून शिकून पुढे आलेली माणसे आहेत, आणि त्यांतील कोणी कोणी त्या शाळेविषयी कृतज्ञतेने बोलतातही. परंतु शाळा तीच आणि पहाराही तोच! धडा घेणारा आणि हजेरी घेणारा एकाच सरकारचा नोकर. मुलास खेळावयास सोडावयाचे तेही कुंपणाच्या आत.

याच्याशी आपल्या पेठांतील तालमी ताडून पाहा. पाणीवेस तालीम किंवा थोरला मंगळवेढा तालीम ही नावे कोणत्या सोलापूरकरास ठाऊक नाहीत? तालमीत पोरे दंगा करीत नसत असे नव्हे. मारामाऱ्या होत, काचा फुटत, मेळ्यांत डोकीही फुटत. पण तालीम पोरांची स्वतःची असे. तेथील माती तेच खणीत, वर्गणी तेच गोळा करीत, आणि वस्तादाचा शब्द ऐकत, कारण वस्ताद त्यांनीच मानलेला असे. कुंपणातील पोरास मैदान मिळाले, पण ते त्याचे कधीच नव्हते.

आता १९३० कडे येतो. महात्माजींना अटक झाल्याची वार्ता मे महिन्याच्या आरंभी आली आणि सोलापूर पेटले. लोक शिंदीची झाडे तोडावयास निघाले, गोळीबार झाला, पोलीस चौकी जळाली, न्यायकचेरी जळाली. सरकारच्या दृष्टीने हा सारा दंगा आणि नासधूस. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला तो ३० जूनपर्यंत. रात्री घराबाहेर पडावयाचे नाही, राष्ट्रीय झेंडा लावावयाचा नाही, रस्त्यातून चालताना शिपाई हटकणार. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यास फासावर गेले. त्यांच्यापुढे आपले मस्तक आजही लवते, आणि लवलेच पाहिजे.

परंतु मी ते पन्नास दिवस मोजतो तेव्हा दुसरा एक हिशेब मनात येतो. त्या पन्नास दिवसांत साऱ्या सोलापुराने जे सोसले, म्हणजे पहारा, बंदी, संशय, ते कुंपणाआतील सोलापूर त्यापूर्वीही सोशीत होते आणि त्यानंतरही जवळजवळ वीस वर्षे सोशीत राहिले. पन्नास दिवसांची स्मारके आपण उभारली. तेथील वर्षांची आठवण कोणी ठेवली?

१९३६ साली पंडित नेहरूंनी नेल्लोर येथे या कायद्यावर कडक टीका केली. एखादी जमात जन्मतःच गुन्हेगार म्हणता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुढे काँग्रेसचे मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यात आले तेव्हा चौकशीसाठी समिती बसली. समित्या बसल्या म्हणजे लगेच काही उठत नाही, हा अनुभव नवा नव्हे. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली काढून टाकला, आणि साऱ्या देशातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. स्वातंत्र्य आले त्या वेळी १२७ जमातींतील सुमारे एक कोटी तीस लक्ष माणसे या यादीत होती, असे सांगतात. 'विमुक्त' हे नाव त्यांना तेव्हापासून मिळाले. पंडितजी सोलापुरास आले असता त्यांनी सेटलमेंटची तार तोडली, ही आठवण वस्तीतील वृद्ध माणसे अभिमानाने सांगत आली आहेत. कायदा गेला खरा, पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. त्यात जमातीचे नाव नाही, माणसाचे आहे. हा फरक लहान नव्हे. तथापि चौकीवरील हवालदाराच्या मनातील यादी कोणत्या कायद्याने बदलावयाची? भटक्या-विमुक्तांच्या स्थितीची चौकशी करण्यास भारत सरकारने जो आयोग नेमला आणि ज्याने २००८ साली अहवाल दिला, त्याचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके हे सोलापूरचेच कार्यकर्ते, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

आणि त्या 'चोराचा मुलगा चोर' सिद्धांताचे काय झाले? त्याचे उत्तर सोलापूरच्या गिरण्यांनीच दिले. ज्यांच्या रक्तात चोरी आहे असे सरकार म्हणत होते, त्यांच्याच हाती सरकारने माग दिला, आणि थोड्या वर्षांत ती माणसे कापड विणू लागली, पगार घेऊ लागली, इतर कामगारांबरोबर संपावरही गेली. रक्तच जर धंदा ठरवीत असते, तर हे घडावयास नको होते. हा पुरावा सरकारच्या डोळ्यांसमोर भोंग्याच्या तालावर रोज जात-येत होता. त्याकडे पाहून कोणी सिद्धांत बदलला नाही. उलट हा कुंपणाचाच प्रताप, असे मानले गेले.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती टाळली तर हे सारे भाषण दुसऱ्यांवर दोष ढकलण्यासारखे होईल. मी शहरातील एका शाळेत शिकवीत होतो तेव्हाची ही हकीकत. दिवाळीची सुट्टी संपवून शाळा उघडली तो तीन वर्गांच्या खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, आणि खेळाच्या कपाटातून बॅटी व लेझमा नाहीशा झालेल्या. मुख्याध्यापकांनी मला सांगितले, "गुरुजी, कोणाकोणाला विचारावयाचे त्यांची एक यादी करा." मी दहा मिनिटांत यादी केली. नऊ नावे. प्रत्येकास खोलीत बोलावून विचारले. मारले नाही, आवाजही फारसा चढविला नाही. मी समजूतदार शिक्षक म्हणून प्रसिद्ध होतो! ती नऊही मुले एकाच वस्तीतील होती, हे माझ्या ध्यानात आले नाही. ते ध्यानात आणून दिले एका मुलाच्या आईने. ती दोन दिवसांनी शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, आमचा पोरगा न्हाई त्यातला. पर तुमी इचारलं म्हनून त्यो आता साळंला येत न्हाई," ती म्हणाली. "त्येचा आजा म्हनतो, हजेरी संपली म्हनत हुते, ती साळंत निगाली."

लेझमा आणि बॅटी पंधरा दिवसांनी सापडल्या. सुट्टीत दुसऱ्या एका शाळेस स्पर्धेसाठी त्या उसन्या दिल्या होत्या आणि वहीत नोंद करावयाची राहिली होती. काचा फोडल्या होत्या शेजारच्या आळीतील मुलांनी. मैदान मोकळे पाहून ती खेळावयास आली होती. त्यांचे आईबाप सभ्य, त्यांनी काचांचे पैसे भरले आणि गोष्ट तेथेच मिटली. त्या मुलांची यादी कोणी केली नाही. मी त्या नऊ मुलांच्या घरी गेलो. आठ परत आली. नववा आला नाही. तो एका गॅरेजात लागला होता. मी गेलो तेव्हा त्याने हात पुसून मला नमस्कार केला, चहा मागविला आणि शाळेविषयी अवाक्षर काढले नाही.

त्या वस्तीतील तरुणांस काय पाहिजे, असे कोणी विचारले तर पहिल्याने पोलीस चौकी आठवते. परंतु अहमदाबादेस छारानगर नावाची अशीच वस्ती आहे. तेथे १९९८ साली मुलांनी नाटकमंडळी काढली. त्याच वर्षी बंगालमध्ये कोठडीत बुधन सबर नावाचा तरुण मृत्यू पावला होता. त्याचे नाव त्यांनी आपल्या रंगमंचास दिले. वाचनालयही चालविले. तेथे दारूच्या भट्ट्या होत्याच, खटलेही होते. ते एका रात्रीत नाहीसे झाले नाहीत. पण नाटक त्या मुलांचे स्वतःचे होते, जशी तालीम पेठेतील पोरांची असे.

शाळेतून मुलाचे नाव काढताना दाखला द्यावा लागतो, आणि कित्येक अर्जांवर पत्ताही लिहावा लागतो. सेटलमेंटमधील पालक माझ्या टेबलापाशी थांबून हळूच म्हणत, "गुरुजी, पत्त्यात नुसतं सोलापूर लिवा." प्रारंभी मी त्यांना समजावीत असे की, यात लाजण्यासारखे काही नाही. त्या आजोबाचे शब्द ऐकल्यानंतर मी समजाविणे सोडून दिले, आणि त्यांनी सांगितले तेवढेच लिहू लागलो.