विजेची वेगवान मोटार आणि तिचा ग्राहक

विजेवर चालणारी मोटार ही अगदीं अलीकडची कल्पना आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. १८९९ सालीं रस्त्यावरील वाहनानें ताशीं १०० किलोमीटर वेगाची मर्यादा प्रथम ओलांडली, ती कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाच्या विजेच्या गाडीनें. पुढें १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर आला. पेट्रोलची गाडी हातानें दांडा फिरवून सुरू करण्याचा त्रास संपला आणि विजेची गाडी मागें पडली. विजेनेंच विजेच्या गाडीची वाट अडविली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अमेरिकेंत १९९६ मध्यें जनरल मोटर्स कंपनीनें 'ईव्ही-१' ही विजेची गाडी लोकांना दिली, परंतु केवळ भाड्यानें. पुढें कंपनीनें त्या गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक मोडून टाकल्या. वापरणारांना त्या हव्या होत्या. पण मालकीच नसल्यामुळें त्यांचें कांहीं चाललें नाहीं.

या पार्श्वभूमीवर २००३ सालीं कॅलिफोर्नियांत मार्टिन एबरहार्ड व मार्क टार्पेनिंग यांनीं टेस्ला मोटर्स ही कंपनी काढली. पुढील वर्षीं इलॉन मस्क यांनीं तींत भांडवल घातलें. त्यांची 'रोडस्टर' ही दोन आसनांची मोटार जुलै २००६ मध्यें लोकांसमोर आली आणि २००८ पासून ग्राहकांच्या हातीं पडूं लागली. पहिल्या १०० ग्राहकांनीं तर गाडी तयार होण्यापूर्वींच प्रत्येकीं १ लाख डॉलर भरले होते. तिचा सांगाडा इंग्लंडांतील लोटस कंपनीच्या 'एलिस' गाडीवरून बेतलेला, अंगावरचे पत्रे कार्बन तंतूंचे, आणि मोटर निकोला टेस्ला यांनीं १८८८ सालीं ज्याचें पेटंट मिळविलें त्या 'इंडक्शन' जातीची. ताशीं ९६ किलोमीटरचा वेग ती चार सेकंदांच्या आंत गांठीत असे, व एका भरणांत सुमारें ३९० किलोमीटर जात असे. विजेची गाडी म्हणजे मंद गाडी, ही समजूत तिनें मोडून काढली.

२०१२ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. तोंवर सुमारें २,४५० गाड्याच बाहेर पडल्या होत्या. तेव्हां आज जो कोणी ती घेईल, तो दुसऱ्याची वापरलेलीच घेणार. मग त्यानें पारख करावी कशी? पेट्रोलच्या मोटारीचा जाणकार इंजिनाचा आवाज ऐकतो, धुराचा रंग पाहतो, तेल बोटांवर घेऊन पाहतो. येथें त्यांपैकीं कांहींच नाहीं. गाडीचें सारें आयुष्य आसनांच्या मागें बसविलेल्या सुमारें ४५० किलो वजनाच्या बंद पेटींत सांठविलेलें असतें.

त्या पेटींत ६,८३१ लहान लहान घट असतात. आकारानें तसेच, जसे त्या काळच्या लॅपटॉप संगणकांत असत. ६९ घटांचा एक गट, आणि असे ९९ गट एकापुढें एक जोडलेले. यांतील जो गट सर्वांत दुबळा, त्याच्याच मानानें बाकीच्या सर्वांना चालावें लागतें. म्हणून जाणता ग्राहक केवळ किती मैल झाले हें विचारीत नाहीं. नवी असतांना सुमारें १६० अँपिअर-तास असलेली बॅटरीची धारणाशक्ति आतां किती उरली, हें तो विचारतो. २०१३ सालीं मालकांकडून माहिती गोळा करून झालेल्या एका पाहणींत, १ लाख मैलांनंतर सरासरीनें ८० ते ८५ टक्के शक्ति शिल्लक राहील, असा समाधानकारक अंदाज निघाला. परंतु गाडी महिनोन्‌महिने न भरतां उभी ठेविली, तर बॅटरी कायमची निकामी होऊं शकते. २०१२ मध्यें यावरून बराच वाद माजला, आणि नव्या बॅटरीसाठीं ४० हजार डॉलरांचा आंकडा लोकांच्या कानीं आला. म्हणजे उपेक्षेची किंमत एका चांगल्या नव्या मोटारीइतकी!

याखेरीज वीज नियंत्रित करणाऱ्या भागाला गार ठेवणारे पंखे धुळीनें तुंबले आहेत काय, गाडीसोबत तिची भरणाची तार मिळते काय, हेंही पाहावें लागतें. कारण तिचा जोड निराळा असून कंपनीच्या नंतरच्या शीघ्र भरण केंद्रांचा तिला उपयोग नाहीं. कंपनीनें २०१४ च्या अखेरीस जाहीर केलेली मोठी बॅटरी तींत बसविली आहे कीं मूळचीच आहे, हा प्रश्नही किंमत ठरविणारा आहे.

ही माहिती जाहिरातींत सांपडत नाहीं. ज्यांनीं ती यंत्रें जोडलीं, उघडलीं आणि दुरुस्त केलीं, त्यांच्यापाशींच ती असते. असा कामगार दुसरीकडे गेला कीं त्याच्याबरोबर तें ज्ञानही जातें. म्हणून आंतल्या माणसानें ग्राहकासाठीं लिहिलेली चार पानें मोलाचीं ठरतात. नोव्हेंबर २०२३ मध्यें कंपनीनें या गाडीचे आराखडे व दुरुस्तीचीं पुस्तकें सर्वांना खुलीं केलीं, हें त्यामुळेंच स्वागतार्ह होय. 'ईव्ही-१' च्या वापरणारांपाशीं मालकी नव्हती. रोडस्टरच्या मालकापाशीं मालकी आहे. पण त्या बंद पेटीचें ज्ञान त्याला मिळेल, तेव्हांच ती मालकी पुरी म्हणावयाची.