चाकांवरचे बिऱ्हाड

इंग्रजीतील ‘व्हॅन’ हा शब्द म्हणजे ‘कॅराव्हॅन’ या शब्दाचे मागे उरलेले शेपूट, आणि ‘कॅराव्हॅन’ म्हणजे फारसीतील ‘कारवान’. वाळवंटातील तांड्याचे हे नाव पुढे झाकलेल्या गाडीला मिळाले, मग त्या गाडीतल्या घराला. आज जुनी मालवाहू गाडी विकत घेऊन तिच्यात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवणारा, आणि एखादा उन्हाळा डोंगरात काढणारा हौशी प्रवासी याच नावाचा वारस आहे. अशा उन्हाळ्यांची वर्णने अलीकडे उदंड झाली आहेत. मोकळेपणा, साधेपणा, पाशांतून सुटका ही त्यांची ठरलेली परिभाषा. ही परिभाषा कोठून आली याचा माग काढता काढता आम्ही १८८६ सालच्या एका पुस्तकापाशी येऊन पोहोचतो.

पुस्तकाचे लेखक डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. जन्माने स्कॉटिश, ब्रिटिश नौदलातील निवृत्त शल्यवैद्य, आणि ‘बॉइज ओन पेपर’ या मुलांच्या नियतकालिकाचे लोकप्रिय लेखक. समुद्रावरच्या साहसकथा त्यांनी विपुल लिहिल्या. वाङ्मयेतिहासात आज त्यांना तळटीपेपुरतीही जागा मिळत नाही. परंतु केवळ हौसेसाठी, चैनीसाठी बांधलेली पहिली फिरती घरगाडी म्हणून जिचा उल्लेख होतो ती ‘वाँडरर’ त्यांची. १८८५ मध्ये ती ब्रिस्टल येथील एका गाड्यांच्या कारखान्यात तयार झाली. महोगनी आणि मेपल या लाकडांची, भरल्यावर सुमारे दोन टन वजनाची, दोन घोड्यांनी ओढायची. आत बैठकीची खोली, मागे छोटे स्वयंपाकघर, पुस्तकांचे कपाट. सोबत एक गाडीवान, फोले नावाचा नोकर, हरिकेन बॉब हा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा आणि एक काकाकुवा. फोले तीनचाकी सायकलवरून पुढे जाई आणि वळणापलीकडे रस्ता मोकळा आहे की नाही ते पाहून येई. एवढ्या सरंजामासह स्टेबल्स स्वतःला ‘जंटलमन जिप्सी’ म्हणवून घेत. (साधेपणाची व्याख्या प्रत्येक पिढी आपापल्या नोकरांच्या संख्येवरून करते की काय, असा प्रश्न येथे पडतो.)

त्या उन्हाळ्यात ही गाडी इंग्लंडच्या दक्षिणेतील ट्वायफर्डहून निघून स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हरनेसपर्यंत गेली. पुस्तकाचा गाभा अर्थातच ग्रॅम्पियन पर्वतरांगेतील चढ. डंकेल्डच्या पुढे रस्ता ड्रमॉक्टर खिंडीकडे चढू लागतो. कडेला हिमखांब उभे आहेत, हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली गडप झाला की वाटसरूला दिशा दाखवणारे. आणि चांदण्यातली भटकंती, डॅलव्हिनीचा मुक्काम, रथव्हेनचा उजाड किल्ला. ही पाने खरोखर सुंदर आहेत. लेखक निसर्गाविषयी खोटे बोलत नाही.

परंतु या रस्त्यालाही इतिहास आहे. डंकेल्ड ते इन्व्हरनेस हा मार्ग १७२८ ते १७३० या काळात जनरल वेड यांनी सैन्यासाठी बांधला. डोंगरी टोळ्यांना जरबेत ठेवणे हा त्याचा हेतू. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत त्या टोळ्यांचे बंड मोडले. पुढच्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी दऱ्याच्या दऱ्या माणसांपासून रिकाम्या केल्या. पर्यटकाला भावणाऱ्या एकान्ताची किंमत कोणीतरी आधीच चुकती केलेली होती.

आम्हांस या पुस्तकातील सर्वांत बोलका वाटतो तो भाग वेगळाच आहे. वाटेत लोक आपल्याला कोण समजतात, याची गंमत स्टेबल्स मोठ्या रंगतीने सांगतात. ही चूक त्यांना सुखावते. आपण जे नाही ते लोकांनी आपल्याला समजावे, यात मजा तेव्हाच वाटते जेव्हा खरे कोण हे सिद्ध करणे क्षणाचे काम असते. ज्यांना ते सिद्ध करता येत नव्हते त्यांच्यासाठी कायदा तयारच होता. इंग्लंडच्या १८२४ च्या भटकेगिरीविषयक कायद्यानुसार, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना आणि स्वतःविषयी समाधानकारक खुलासा न देता तंबूत किंवा गाडीत रात्र काढणारा मनुष्य गुन्हेगार ठरे. ‘दृश्य साधन’ या दोन शब्दांवर सारे तोललेले आहे. महोगनीच्या भिंती हे दृश्य साधन. फाटक्या कनातीचा तंबू हे त्याच्या अभावाचे दृश्य. स्कॉटलंडमध्ये १८६५ च्या कायद्याने खाजगी जमिनीवर परवानगीशिवाय तळ देणे आणि हमरस्त्यालगत विस्तव पेटवणे हेही गुन्हे ठरवले. स्टेबल्स यांचा मुक्काम बहुधा सरायीच्या आवारात किंवा एखाद्याच्या कुरणात, रीतसर विचारून पडे. विचारल्यावर होकार मिळणे हीच त्यांची मिळकत.

योगायोग असा की ‘वाँडरर’ रस्त्यावर आली त्याच दशकात कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ हे समाजसुधारक संसदेत फिरत्या निवासांविषयीचे विधेयक मंजूर करून घेण्यासाठी झटत होते. घरगाड्यांची नोंदणी, तपासणी, मुलांची सक्तीने शाळा, असा त्याचा आशय. हेतू दयेचा होता, पण ती दया निरीक्षकाला दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा अधिकार देणारी होती. जत्रांतून खेळ करणाऱ्या लोकांनी १८८९ मध्ये संघटना उभारून विरोध केला आणि विधेयक बारगळले. शिक्षणाच्या मुद्द्यावर स्मिथ यांचे म्हणणे सर्वस्वी चूक होते, असे आम्ही म्हणणार नाही.

हौशी मंडळींचा मार्ग मात्र निर्वेध राहिला. १९०७ मध्ये इंग्लंडात कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला आणि स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’मध्ये धनाढ्य बेडूकराव पिवळ्या रंगाची घरगाडी घेऊन निघाले, आणि मोटारीने ती उलथवताच मोटारीच्याच प्रेमात पडले. नंतर मोटार आणि घरगाडी एकच झाली. १९५१ पासून जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने फोक्सवागनच्या गाडीत बसवायचा पलंग-कपाटांचा संच विकायला आणला. दुसरी बाजूही टिकून आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २०२२ च्या कायद्याने, सांगूनही न हलणाऱ्या वाहनवासीयाचे वाहन, म्हणजे घरच, जप्त करण्याची तरतूद केली.

‘जिप्सी’ म्हणवून घेणाऱ्या या हौशी माणसाने ज्यांचे नाव उसने घेतले त्या रोमानी लोकांच्या भाषेकडे आपण मराठी वाचकांनी जरा थांबून पाहावे. तिचे मूळ भारतीय. घराला त्यांचा शब्द ‘खेर’, पाण्याला ‘पानी’. रस्त्याला मात्र ‘द्रोम’, आणि तो ग्रीकांकडून घेतलेला. ज्यांना आपण जन्मजात वाटसरू समजतो त्यांनी ‘घर’ हा शब्द भारतातून नेला आणि ‘रस्ता’ वाटेत उचलला! भटकणे हाच संशयाचा पुरावा मानणारी दृष्टी आपल्याकडेही परकी नाही. याच साम्राज्याने १८७१ मध्ये हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मधील कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर गावोगाव हिंडते. विंचवाच्या बिऱ्हाडाची म्हण आपण किती सहज वापरतो, हे ते पुस्तक वाचल्यावर खुपते.

आता पुन्हा स्कॉटलंडच्या डोंगरांत. तेथील फिरस्ते हे रोमानींहून बरेचसे वेगळे, तेथल्याच मातीतले: कथील काम करणारे, घोड्यांचा व्यापार करणारे, नद्यांतून मोती शोधणारे. उत्तरेकडे त्यांना ‘उन्हाळ्याचे पायी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. हिवाळा एखाद्या निवाऱ्यात काढायचा आणि ऋतू पालटला की छकडा व तंबू घेऊन डोंगरवाटेला लागायचे. डोंगरातला उन्हाळा ही त्यांची रजा नव्हती, तो त्यांचा कामाचा हंगाम होता. स्टेबल्स यांच्या पुस्तकात भटके आणि जिप्सी येतात, त्यांच्या कुत्र्यांविषयीही मजकूर आहे. पण त्यांच्या तंबूंत काय सांगितले-गायले जाते याचा शोध घेणे हे काही त्यांचे काम नव्हते.

ते काम पुढे हॅमिश हेंडरसन यांनी केले. एडिनबरो विद्यापीठात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश अध्ययन संस्थेचे हे संशोधक ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन फिरस्त्यांच्या तळांवर राहू लागले. १९५० च्या दशकाच्या मध्यास सदरलंडमधील लेर्गजवळ त्यांना अ‍ॅलेक्झांडर स्ट्युअर्ट भेटले. ते अंध होते, आणि गेलिक भाषेत त्यांना कथांचे भांडार मुखोद्गत होते. त्यांत फिओन आणि त्याच्या वीरांच्या कथाही होत्या. याच वीरकथांच्या नावावर जेम्स मॅक्फर्सन यांनी १७६० च्या दशकात ‘ऑसियन’ची काव्ये प्रसिद्ध केली, सारा युरोप हलवला आणि बनावटीचा आरोप ओढवून घेतला होता. मॅक्फर्सन यांचा जन्म रथव्हेनचा, त्याच उजाड किल्ल्याजवळचा; आणि त्या वीरांची अस्सल मौखिक कथा हेंडरसन यांनी टिपून घेतली ती त्यांच्या तंबूंमध्ये, रस्त्याच्या कडेला.