बऱ्हाणपूरच्या इतिहासातील दोन फुले

बऱ्हाणपूरचा इतिहास सांगू लागलो की फारुकी सुलतान, अकबराने १६०१ साली घेतलेला असीरगड आणि १६३१ साली येथे निवर्तलेली मुमताजमहल यांपाशी आपण थांबतो. या नगराचे वैभव ज्यांनी पोसले, त्या वनस्पतींची दखल इतिहासग्रंथ क्वचितच घेतात. मी वाङ्मयाचा अभ्यासक. वनस्पतिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही आज कापूस आणि केळ या दोन सपुष्प वनस्पतींविषयी बोलावेसे वाटते.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याचे प्रवासवर्णन १६७६ साली प्रसिद्ध झाले. बऱ्हाणपूरचे तलम, शुभ्र कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जात असे, असे तो लिहितो. त्यांतील काही कापडांवर रंगीत फुले काढलेली असत. पण ते कापडच मुळी एका पिवळ्या फुलाचे देणे होते! बोंडातील तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेला केस. एकेक तंतू ही एकच पेशी. लिनियसने पुंकेसरांच्या रचनेवरून वनस्पतींचे वर्ग पाडले, तेव्हा केसर एका नळीत जुळलेले असल्यामुळे कापूस, जास्वंद आणि भेंडी एका वर्गात बसली. आपल्याकडील जाणत्या शेतकरणीला मात्र त्यासाठी लिनियसची गरज नाही. अंबाडीचे फूल देशी कपाशीच्या फुलाशेजारी धरले की नाते दिसतेच.

ताव्हेर्नियेच्या काळी इकडे पिकत असे तो देशी कापूस; त्याची गुणसूत्रे २६. अमेरिकन जातीची ५२. गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून अमेरिकन कापूस पसरला. २००२ साली बीटी बियाण्यास परवानगी मिळाल्यानंतर तर देशातील बहुतेक शिवारे त्यानेच व्यापली. ज्या बोंडाने या नगराचे नाव कैरोपर्यंत नेले, ते आज शोधावे लागते.

केळीची गोष्ट निराळी. ती एकदल, आणि वृक्ष तर नव्हेच; तिचे खोड म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ. फळ पिकताच जी संपते ती ओषधी, अशी व्याख्या चरकसंहितेत आहे, आणि केळ त्या व्याख्येत चपखल बसते. घड उतरला की खोड संपते, शेजारचे पील वाढते. खाण्याची केळ निर्बीज असल्याने पिलांवरच बाग चालते, म्हणजे साऱ्या बागेत जणू एकच झाड असते. ग्रो मिशेल नावाच्या जातीच्या अशाच बागा मध्य अमेरिकेत जमिनीतील बुरशीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उद्ध्वस्त केल्या. तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातील केळ आली. बऱ्हाणपूरच्या बहुतेक बागांत आज त्याच गटातली केळ उभी आहे.