उसनवारीचा हिशेब

परवा लिनक्सवर एक प्रोग्रॅम बसवत होतो. फाइल नेटवरून उतरवून घेतली होती. तो म्हणाला, आधी अमुक लायब्ररी आणा. ती आणली, तर तिला तमुक हवी... आणि तीही ठरावीक आवृत्तीचीच! शेवटी चहा घेतला आणि या भानगडीचा इतिहास शोधत बसलो.

मूळ कल्पना आपल्या जुन्या वाड्यांतलीच. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळी विहीर कशाला? तसंच नेहमीची कामं सगळ्या प्रोग्रॅमांनी एकाच सामाईक लायब्ररीकडून करून घ्यायची. डिस्क आणि मेमरी महाग होती, तेव्हा हे शहाणपणाचंच होतं. पण कोण कुणावर अवलंबून, याची नोंद कोणी ठेवायची?

१९९३ साली इयन मर्डॉकने डेबियन सुरू केलं, १९९५ मध्ये रेड हॅटने आरपीएम आणलं. खातेवही तयार झाली. पण काय कमी आहे एवढंच आरपीएम सांगे, आणायचं आपणच. १९९९च्या डेबियन २.१ पासून 'ॲप्ट' सगळी साखळी शोधून स्वतःच आणू लागलं. आरपीएमवाल्यांसाठी हे काम 'यम'ने केलं. नाव यम, पण अनेकांचा जीव भांड्यात पडला! ते वाढवलं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या सेथ विडालने. २०१३ साली सायकलवरून जाताना मोटारीची धडक बसून तो गेला. मला त्याचं नाव परवा कळलं.

सामाईक विहिरीचा फायदा २०१४ साली दिसला. ओपनएसएसएल या लायब्ररीत 'हार्टब्लीड' नावाची गंभीर चूक सापडली. लायब्ररी एका जागी दुरुस्त केली की तिच्यावर चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमांचं काम भागत होतं.

हल्ली 'ॲपइमेज'सारखी सोय आहे. प्रोग्रॅमला लागणारं सामान त्याच्याच पेटीत. आम्हा येरवडेकरांना यावरून 'येरवडा चक्र' आठवणारच. गांधीजी १९३० साली इथल्या तुरुंगात असताना आकाराला आलेला, पेटीत मिटणारा चरखा. चाकं, चाती, सगळं आत. पण पेळू? त्यासाठी कापूस पिकवणारा आणि पिंजणारा लागतोच. ॲपइमेजलाही मूळची सी लायब्ररी बहुधा यजमानाचीच लागते.

स्वावलंबनावर मी वर्गात किती निबंध लिहून घेतले! पेळू कोणी दिला, हे लिहायला मात्र एकाही मुलाला सांगितलं नाही.

असो. प्रोग्रॅम संध्याकाळी सुरू झाला.