नाडीने आधी सांगितले : उच्च रक्तदाब आणि एक विस्मृत संशोधक

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत वीस वर्षे व त्यावरील वयाच्या ३५.५ टक्के भारतीयांमध्ये उच्च रक्तदाब आढळला. यांतील अनेकांना कोणताही त्रास जाणवत नाही. त्रास नाही म्हणून तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून उपचारही नाही. हा विकार लक्षणांवाचून शरीरात मुरतो, हे दीडशे वर्षांपूर्वी दाखवून देणाऱ्या डॉक्टरचे मूळ पाटण्यात होते.

१८३६ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी एक महत्त्वाची नोंद केली. ज्यांच्या लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात होते आणि शवविच्छेदनात ज्यांची मूत्रपिंडे विकृत दिसली, अशा अनेकांच्या हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला होता. साहजिकच मूत्रपिंड आधी बिघडते आणि हृदयावर परिणाम मागाहून होतो, असा समज रूढ झाला.

हा क्रम उलटा मांडला तो फ्रेडरिक अकबर महोमेद यांनी. त्यांचा जन्म १८४९ चा. त्यांचे आजोबा दीन महोमेद पाटण्यात जन्मले, पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि ब्रायटन येथील त्यांच्या मालिश-स्नानगृहामुळे ख्यातनाम झाले. नातू गायज हॉस्पिटलमध्ये वैद्यक शिकू लागला. विद्यार्थिदशेतच, १८७२ मध्ये, त्यांनी मनगटावरील नाडीचा आलेख कागदावर उमटवणाऱ्या स्फिग्मोग्राफ या यंत्रात सुधारणा केली. लोहितांग ज्वराच्या रोग्यांची नाडी तपासताना त्यांना आढळले, की लघवीत अल्ब्युमिन उतरण्यापूर्वीच नाडीतील ताण वाढलेला असतो. पुढे त्यांनी अशीही माणसे नोंदवली, ज्यांचा रक्तदाब चढलेला होता, पण मूत्रपिंडाच्या विकाराची खूण नव्हती. दाब हा केवळ परिणाम नसून कारणही असू शकतो, हा त्याचा अर्थ. १८८४ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वराने त्यांचा अंत झाला आणि त्यांचे नाव मागे पडले.

आज या घटनाक्रमाची कारणे ज्ञात आहेत. चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना डाव्या कप्प्याची भिंत जाड व ताठर होते आणि दोन ठोक्यांमधील तिचे सैलावणे मंदावते. मूत्रपिंडात सूक्ष्म रोहिण्यांच्या भिंती कठीण होतात, गाळणीचे काम करणाऱ्या केशिकांच्या गुच्छांना इजा पोहोचते आणि अल्ब्युमिन पाझरू लागते. या अवस्थेत माणूस स्वतःला निरोगीच समजत असतो.

महोमेद यांच्यापाशी प्रभावी औषध नव्हते. विसाव्या शतकातही कित्येक डॉक्टर वाढलेला दाब शरीराची गरज मानत. १९४९ मध्ये मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचे रक्तदाबावरील परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. आता तर स्वस्त व परिणामकारक गोळ्या उपलब्ध आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने त्या सरकारी आरोग्य केंद्रांमधून नियमित पोहोचवण्याचा मार्ग आखला.

महोमेद यांना जे कागदावरील रेषेतून वाचावे लागले, ते आज दंडावरील पट्टा काही क्षणांत सांगतो. लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी आणि ईसीजी यांमुळे झालेल्या हानीचा अंदाजही घेता येतो. मात्र त्या हानीची वाट न पाहता दाब मोजणे, हाच त्यांच्या संशोधनाचा खरा बोध आहे.