अडकलेली रेस, न पटलेली साक्ष

ऑटोमॅटिक गाडी सुरू केली आणि ब्रेकवर पाय न ठेवता गिअरचा दांडा ‘पी’मधून ‘डी’वर ओढायला गेलात, तर तो हलत नाही. नव्याने शिकणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. शोरूममधला मुलगा हसून सांगतो, ‘आधी ब्रेक दाबा, सर.’ हा अडसर गाडीत आला तो एका भांडणातून. गाडी आपोआप सुसाट सुटली असं सांगणारा चालक एका बाजूला, तुमचाच पाय चुकला असं सांगणारी कंपनी दुसऱ्या बाजूला. पन्नास वर्षांहून जास्त काळ हा वाद चालू आहे. तो मिटत नाही, कारण दोन्ही पक्ष पुष्कळदा खरं बोलत असतात.

मूळ यंत्र साधं होतं. पेडलपासून एक तार किंवा सळई इंजिनपर्यंत जायची, कार्बोरेटरमधली चकती उघडायची, आणि पाय उचलला की स्प्रिंग ती चकती मिटवायची. तार गंजली, नळीत चिखल गेला, धागे उसवले, की रेस अडकते. आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला यात नवल वाटत नाही. पावसाळ्यात दुचाकी घेऊन जा, तो न विचारताच रेस वायरीत तेल सोडतो. अमेरिकी सरकारनेही हे गृहीत धरलं. तिथे 1973 पासून लागू झालेल्या 124 क्रमांकाच्या मानकानुसार चकती मिटवणारी ताकद किमान दोन ठिकाणांहून आली पाहिजे, म्हणजे व्यवहारात दोन स्प्रिंगा. एक तुटली तरी साध्या मोटारीचं इंजिन एका सेकंदात मंद गतीवर यायला हवं.

हे मानक यायच्या थोडं आधीच, 1971 च्या डिसेंबरमध्ये, जनरल मोटर्सला 67 लाख शेवरोले गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. दोष ॲक्सिलरेटरमध्ये नव्हताच. इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसतं ती बैठक फाटायची, जोर लागताच इंजिन एका बाजूने वर उचललं जायचं आणि उठता उठता रेसचा सांधा स्वतःच खेचायचं. कधी त्याच झटक्यात ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची नळीही निखळायची. चालकाने पाय उचललेला, गाडी पळतेय, ब्रेक दगडासारखा कडक. हे पोलिसांना सांगून बघा. अमेरिकी ग्राहक कार्यकर्ते राल्फ नाडर यांचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक 1965 चं, आणि त्याच्या गदारोळातून आलेला वाहन सुरक्षा कायदा 1966 चा. तो नसता तर या 67 लाख गाड्या 67 लाख अडाणी चालकांच्या नावावर जमा झाल्या असत्या.

क्लच असलेल्या गाडीत रेस अडकली तरी डाव्या पायाला सुटकेची वाट असते. क्लच दाबला की इंजिन बोंबलत बसतं, गाडी मात्र सुटी होते. ऑटोमॅटिकमध्ये ती वाट बंद. म्हणूनच हा सगळा इतिहास मुख्यतः ऑटोमॅटिकवर चालणाऱ्या अमेरिका आणि जपानचा आहे.

खरा तमाशा झाला तो ऑडी 5000 चा. 23 नोव्हेंबर 1986 रोजी सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने या गाडीवर एक भाग दाखवला. गॅरेजमधून काढताना गाडी अचानक उसळली आणि भिंतीवर, माणसावर गेली, असं सांगणारे मालक त्यात होते. मुलगा गमावलेली आईही होती. जोडीला एक प्रात्यक्षिक होतं: पेडल आपोआप खाली जाताना दिसत होतं. मात्र त्या गाडीच्या गिअरबॉक्सला भोक पाडून आत दाबाची हवा सोडली होती, हे प्रेक्षकांना सांगितलंच नाही. पुढे ते उघड झालं तोवर ऑडीचा बाजार उठला होता. अमेरिकेत 1985 मध्ये 74,061 गाड्या विकणारी कंपनी 1991 मध्ये 12,283 वर आली.

अमेरिकी सरकारच्या संशोधन केंद्राचा अहवाल 1989 मध्ये आला. निष्कर्ष असा, की बहुतेक प्रकरणांत चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. गाडी उसळली की माणूस ‘ब्रेक’ आणखी जोरात दाबतो, आणि शपथेवर सांगतो की पाय ब्रेकवरच होता. तो खोटं बोलत नसतो. पाय कुठे आहे हे आपण बघून ठरवत नाही. हुकूम ब्रेकचा सुटला म्हणजे पाय ब्रेकवरच पोचला, असं मन धरून चालतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी त्याच वर्षी हे सविस्तर मांडलं.

ऑडीचे पाठीराखे अजूनही हा अहवाल नाचवतात, पण तो पुरता वाचत नाहीत. त्यातच असंही नोंदवलं आहे, की या गाडीच्या काही आवृत्त्यांत इंजिनची मंद गती सांभाळणारी यंत्रणा सदोष होती आणि तिच्यामुळे गाडीला क्षणभर अनपेक्षित हिसका बसू शकत होता. तेवढ्याने गाडी भिंत फोडत नाही, पण दचकलेला पाय भलत्या पेडलवर पडायला तो हिसका पुरेसा आहे. शिवाय पेडलांची मांडणी अमेरिकी गाड्यांहून वेगळी होती. आता ही चूक पायाची म्हणायची की गाडीची? ऑडीने तोंडाने चालकाला दोष दिला आणि हाताने गाडी सुधारली: 1987 च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख गाड्या बोलावून त्यांत ब्रेक दाबल्याशिवाय गिअर न पडणारा अडसर बसवला. पाहता पाहता इतर कंपन्यांनीही तो उचलला. अमेरिकेत त्याची कायदेशीर सक्ती झाली ती थेट 2010 मध्ये, आणि तीही वेगळ्याच कारणाने: उभ्या गाडीत खेळणारी पोरं गिअर ओढून गाडी गडगडवत होती.

एव्हाना तार गेली होती. नव्या गाड्यांत पेडलखाली सेन्सर असतात, ते संगणकाला सांगतात आणि संगणक चकती उघडतो. मग 28 ऑगस्ट 2009 रोजी कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या सँटीमध्ये टोयोटाचीच एक लेक्सस ताशी 160 किलोमीटरहून अधिक वेगाने रस्ता संपेपर्यंत पळाली. आतले चौघंही गेले. जाण्यापूर्वी एकाने आपत्कालीन क्रमांकावर फोन करून रेस अडकल्याचं सांगितलं होतं. ते रेकॉर्डिंग साऱ्या अमेरिकेने ऐकलं. गाडी चालवणारा महामार्ग पोलिसांतला अनुभवी अधिकारी होता. ‘पाय चुकला असेल’ म्हणणाऱ्यांची तोंडं पहिल्यांदाच बंद झाली.

तपासात कळलं ते फार साधं होतं. गाडी शोरूमने तात्पुरती वापरायला दिली होती आणि तिच्यात दुसऱ्याच, मोठ्या गाडीची जाड रबरी मॅट टाकलेली होती. मॅटची कड पेडलवर चढली. काही दिवस आधी हीच गाडी नेलेल्या ग्राहकाला हाच अनुभव आला होता. त्याने मॅट सोडवून जीव वाचवला आणि परत देताना काउंटरवर सांगितलंही. ते सांगणं काउंटरच्या पलीकडे गेलं नाही.

मॅटांपाठोपाठ 2010 च्या जानेवारीत टोयोटाने अमेरिकेत 23 लाख गाड्या पेडलसाठी बोलावल्या. ही गोष्ट मला सगळ्यांत चटका लावते. तार काढल्यावर पेडल फारच हलकं लागायला लागलं. पायाला जुन्या तारेचा रेटा हवा होता. म्हणून पेडलच्या सांध्यात मुद्दाम घर्षण देणारा एक तुकडा बसवला. तोच झिजून आणि दमट हवेने चिकट होऊन पेडल धरून ठेवायला लागला. गेलेल्या तारेची नक्कल करता करता तिचं दुखणंही परत आणलं. त्यावरचा उपाय होता नेमक्या मापाची एक छोटी पोलादी पट्टी.

टोयोटाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा फेब्रुवारीत अमेरिकी काँग्रेससमोर हजर झाले. एबीसी वाहिनीने संगणकाच्या दोषाचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यात इंजिनाच्या फेऱ्यांचं एक दृश्य उभ्या गाडीतलं निघालं. ऑडीच्या वेळचा धडा कुणी गिरवला नव्हता. मग नासाच्या अभियंत्यांनी 2,80,000 हून अधिक ओळींचा संगणकी कोड तपासला आणि 2011 च्या फेब्रुवारीत सांगितलं, की असा वेग वाढवणारा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. चालकांवर संशय घेणाऱ्यांनी फटाके लावले. पुढे 2013 मध्ये ओक्लाहोमाच्या ज्युरीसमोर मायकेल बार या तज्ज्ञाने तोच कोड अधिक खोलात वाचून दाखवला आणि ज्युरीने निकाल टोयोटाच्या विरोधात दिला. 2014 च्या मार्चमध्ये तर अमेरिकी न्याय खात्याने मॅट आणि चिकट पेडलबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीकडून 120 कोटी डॉलर वसूल केले. संगणकाचा दोष सिद्ध झाला का? सगळ्यांना पटेल असा नाही. कंपनीची लपवाछपवी मात्र कंपनीने स्वतः कबूल केली.

या सगळ्यात कुणाचं ऐकलं गेलं, याचाही हिशेब मांडायला हवा. ऑडीच्या मालकांची टिंगल झाली, त्यातही बायकांची अधिक. पोलीस अधिकाऱ्यावर देशाने विश्वास ठेवला. आणि मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये 2006 मध्ये थायलंडच्या निर्वासित छावणीतून नुकताच आलेला एक हमोंग तरुण सांगत राहिला, की मी ब्रेक दाबत होतो, गाडी थांबली नाही. त्याच्या 1996 च्या टोयोटा कॅम्रीच्या धडकेत माणसं गेली होती. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. टोयोटाच्या बातम्या आल्यावर तशाच जुन्या कॅम्रीच्या इतर मालकांनी आपापले अनुभव न्यायालयात दिले. मृतांचे नातेवाईकही त्याच्या बाजूने उभे राहिले. 2010 च्या ऑगस्टमध्ये तो सुटला, आणि 2015 मध्ये ज्युरीने टोयोटाला 60 टक्के जबाबदार धरलं. उरलेले 40 टक्के त्याचे. मला हा निकाल या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो, तुरुंगातली वर्षं त्याने भरून येत नसली तरी.

उलट बाजूही तितकीच खरी. 2019 च्या एप्रिलमध्ये तोक्योच्या इकेबुकुरोत एका वृद्ध माजी सनदी अधिकाऱ्याच्या प्रिअसने आई आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीला चिरडलं. गाडीतच बिघाड होता, असं तो न्यायालयात शेवटपर्यंत सांगत राहिला. न्यायालयाने गाडीच्या नोंदी पाहून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबल्याचा निष्कर्ष काढला आणि पाच वर्षांची शिक्षा दिली. पण जपान तेवढ्यावर थांबला नाही. समोर अडथळा असताना रेस पूर्ण दाबली गेली तर गाडीने ती मानू नये, अशी यंत्रणा नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना 2028 पासून सक्तीची करायचं त्यांनी ठरवलं आहे. म्हणजे पुन्हा तेच: दोष माणसाला, दुरुस्ती गाडीला.

मुंबईत 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्यात बेस्टची विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली तेव्हा चालकाने ‘ब्रेक फेल’ सांगितलं. परिवहन विभागाच्या तपासणीत ब्रेक चालू सापडले. पुण्याच्या नवले पुलावर किंवा खंबाटकी घाटात ‘ब्रेक फेल’ इतक्यांदा ऐकलंय, की आपला विश्वासच उडालाय. पण क्लचच्या गाडीवर मुरलेल्या माणसाला बिनक्लचची, लगेच उसळणारी बस जेमतेम काही दिवसांच्या शिकवणीवर देणं, हे कुणाच्या पायाचं चुकणं? 2014 मध्ये मारुती सेलेरिओ आली तेव्हापासून स्वस्त ऑटोमॅटिक आपल्या गल्लीत पोचली आहे. अमेरिकेचं दुखणं आता आपलंही आहे.

ते अजून संपलेलंही नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये टेस्लाने 3,878 सायबरट्रक परत बोलावले. पेडलवरची पट्टी चढवताना कारखान्यात साबण लावला गेला होता. ती पट्टी घसरून वरच्या आवरणात रुतायची आणि रेस दाबलेलीच राहायची. एका मालकाने याचा व्हिडिओ टाकला. तो वाचला, कारण या गाडीत ब्रेक दाबला की संगणक रेस सोडून देतो. ही सोय टोयोटाच्या प्रकरणानंतरच सर्वत्र रुळली.

तुमच्या गाडीत ती आहे का, हे माहितीपुस्तिकेत बघून घ्या. नसली तरी घाबरायचं कारण नाही. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने 2009 च्या सुमारास व्ही-6 कॅम्री ताशी 112 किलोमीटर वेगात, रेस पूर्ण दाबलेली ठेवून थांबवली: 190 फुटांत. रेस मोकळी असताना 174 लागले होते. मात्र ब्रेक एकदाच, दोन्ही पायांचा जोर लावून दाबायचा आणि धरून ठेवायचा. पुन्हा पुन्हा दाबला-सोडला तर पूर्ण रेसमध्ये व्हॅक्यूमची मदत संपते आणि पेडल कडक होतं. त्याच वेळी दांडा न्यूट्रलला टाकायचा. इंजिन किंचाळलं तर किंचाळू दे. गाडी थांबल्यावर इंजिन बंद. चालत्या गाडीत किल्ली पूर्ण फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. बटणाची गाडी असेल तर बटण नुसतं टिचकी मारून ऐकत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं. सँटीच्या लेक्ससमध्ये ते तीन सेकंद होतं. ड्रायव्हरच्या पायाखाली एकावर एक दोन मॅट टाकू नका.

आणि रेस एकदा जरी अडकली, तरी सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी सांगून परत येऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्या मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या रिकॉलची तरतूद आली आहे, 2021 पासून नियमही आहेत. पण ठरावीक संख्येने तक्रारी नोंदल्या गेल्या तरच चाकं हलतात. परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंद करा, डीलरला लेखी द्या आणि पोच घ्या.